मोटारीचा कागद

आमच्या घरची मोटार विकत आणलेली नव्हती, बांधलेली होती. होडी बांधतात तशी, माडाच्या झापांच्या मांडवात, एका पावसाळ्यात. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघून हसतात; आजी फेकतेय असं त्यांना वाटतं. हसू द्यात. त्यांना मी मोटारीची गंमत सांगते, तिच्या कागदाची सांगत नाही. तो कागद मी लिहिला होता आणि त्यातला एक शब्द जाणूनबुजून खोटा लिहिला होता. घरात ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आता सांगून टाकते, कारण ज्यांना विचारून खात्री करता येईल अशी माणसं उरलेली नाहीत, आणि माझ्यासारख्या भित्र्या बाईला खरं बोलायला असाच मोका लागतो.

आमचा कोळीवाडा श्रीवर्धन तालुक्यातला. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. घर समुद्राकडे तोंड करून, पुढे शेणानं सारवलेली पडवी, आणि पडवीपुढे बोंबील वाळत घालायच्या वलांड्या. वारा फिरला की घरातल्या पिठामिठालासुद्धा सुकटीचा वास लागायचा. घरात माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणायचो, आय, मी आणि येसू आते. आते बाची मोठी बहीण. तिचा नवरा हिवतापानं गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती माहेरी परत आली ती नवऱ्याची होडी बाच्या होडीला बांधून, ओढत घेऊन आली. सासरच्यांनी भांडी ठेवून घेतली, होडी तिनं सोडली नाही. ती होडी घराच्या कडेला पालथी घातलेली असायची. पावसाळ्याच्या आधी आते तिला तेल चोळायची, कुणाच्या उपयोगाची नसली तरी.

आते मासळी विकायला बोर्लीच्या बाजारात जायची, आमच्याकडून तीन कोस. डोक्यावर पाटी, हातात रिकामा डबा, आणि तोंड सतत चालू. मी आठ वर्षांची असताना एके दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली आणि बाजारात जाण्याआधी शाळेत नाव घालून आली. घरी विचारलंसुद्धा नाही. बा रागावला तर म्हणाली, "माज्या संगं चालत येते, माज्या संगं चालत जाते. तुजं काय खाल्लं तिनं?" पुढे सात वर्षं मी तिच्या पाटीमागून शाळेत गेले. उन्हाळ्यात पाटीतलं पाणी तिच्या मानेवरून ठिबकायचं आणि वाळूत थेंबांची ओळ उमटायची. त्या ओळीवर पाय टाकत मी पाढे म्हणायची. एकोणीस एके एकोणीस. आतेला पाढे येत नव्हते, पण मी चुकले की तिला कळायचं. "थांबलीस का गो?" म्हणायची. सातवीच्या फायनलला मी पास झाले तेव्हा तिनं बाजारातल्या सगळ्या बायकांना एकेक मांदेली फुकट वाटली होती.

आता मोटारीकडे येते. बाचा धाकटा भाऊ नथू काका मुंबईत मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होता. शिमग्याला घरी आला की तो पडवीत कोळशानं इंजिनाची चित्रं काढायचा आणि आय ती सारवून टाकायची. त्या वर्षी त्यानं अख्खी मोटार काढली. म्हणाला, "दादा, मोटार म्हंजे काय रं? चार चाकांवर ठेवलेली होडीच. लढाईत वापरलेल्या गाड्या लिलावात निघाल्यात. चासी नि इंजान मी आनतो, वरची होडी तुमी बांधा." बाला हे एकदम पटलं. आमची मासळी बोर्लीत पोचेपर्यंत डोळे पांढरे करायची. तळा गावचे व्यापारी तिथे येऊन बसत आणि मासळी नरम पडेपर्यंत मुद्दाम भाव बोलत नसत. मोटार असली तर सगळ्या वाड्याच्या पाट्या घटकाभरात बाजारात, आणि पाटीमागे चार आणे भाडं. बानं मला हाक मारली. "मंजे, तू शिकलेली. मांड बगू, किती लागंल ते."

शाळेत आम्हाला अंदाजपत्रक शिकवलं होतं. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मी फुलस्केप कागद आणला, लाल शाईनं रेघा मारल्या आणि वर वेलांटी-वळणं काढून लिहिलं, 'मोटारीचे अंदाजपत्रक'. वाड्यात त्याला सगळे मोटारीचा कागद म्हणू लागले. चासी, म्हणजे मोटारीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि इंजिन एवढे. चार टायर, त्यातले दोन जुने. मुंबईहून मचव्यातून आणायचं भाडं. बॅटरी, दिवे, सरकारी पासिंग, काकाचं लायसन. बाचा जीव भोंग्यावर; रबरी फुगा दाबायचा मोठा भोंगा पाहिजेच, खाडीपलीकडे ऐकू गेला पाहिजे. मी तो 'किरकोळ' मध्ये घातला तर तो रुसला, "किरकोल काय म्हनून? येगला लिव." मग वेगळा लिहिला. मोटारीच्या पूजेला नारळ, कोंबडा आणि कामकऱ्यांच्या घशाला ओल, हे सगळं मी 'पूजा व इतर' असं लिहून टाकलं. दर रविवारी इतर वाढायचं आणि पूजा तेवढीच राहायची. सगळी बेरीज पंधराशेवर गेली. बाकडे आयच्या पाटल्या मोडून आणि जाळ्यातला एक हिस्सा विकून अकराशे होत होते. तूट चारशेची, आणि ती सगळी लाकडाची होती. वरच्या सांगाड्याला सागवान लागणार, असं भिकू सुताराचं म्हणणं. भिकू आमच्या वाड्यातला होड्या बांधणारा सुतार. त्यानं आयुष्यात मोटारीचं दारसुद्धा कधी बसवलं नव्हतं. पैशाऐवजी तो वाट्यावर काम करायला तयार होता, पण लाकूड कुठून आणायचं?

कागद पडवीत पडला होता. आते सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, "माजी होडी हाय ना. फोडा ती. सागाची हाय, तुमच्या मोटारीला पुरून उरंल."

"बाय, ती भावजींची हाय," बा म्हणाला.

"भावजी गेलं. होडी बसून ऱ्हायली. वालवी लागन्यापरास फिरंल तरी."

दुसऱ्या दिवशी भिकू सुतारानं होडी फोडायला घेतली. होडीचे खिळे तांब्याचे; एकेक खिळा पकडीत धरून तो ओढायचा आणि दर खिळ्याला बाईनं दातांत पदर धरून रडावं तसा आवाज यायचा. आते पाठ करून बसली होती. मासळीचं भांडं पुढ्यात, पण हात चालत नव्हते. संध्याकाळी मी आत दिवा लावत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात बोलणं तिला जमत नसे, पण त्या दिवशी हळू बोलली. "मंजे, कागदावर माजा वाटा लिवलास ना गो?"

मी म्हटलं, "लिहिते."

हा वाटा काय, ते जरा सांगायला हवं. होडीला मासळी लागली की तिचे वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्याचा एक, मग माणसांचे. ज्यानं लाकूड दिलं, ज्यानं सूत दिलं, ज्यानं हात दिला, त्याला वाटा. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी विसरत नाही. मोटारीचंही तसंच होणार हे कुणी न बोलताच ठरलं होतं: बाचा पैशाचा एक वाटा, काकाचा इंजिन आणि चालवण्याचा एक, भिकू सुताराचा एक, मोटारीचा तेलपाण्याला स्वतःचा एक, आणि आतेचा लाकडाचा. पाच. यात कुणाला काही शंका असायचं कारण नव्हतं. मलाही नव्हती.

पावसाळाभर मांडवात ठोकठोक चालली. बाहेर समुद्र गरजतोय, होड्या वर ओढलेल्या, बापये रिकामे, म्हणून सगळा वाडा मोटार बघायला. इंजिन मचव्यातून उतरवताना आठ माणसं कंबरभर पाण्यात होती. आते रोज कामकऱ्यांचं जेवण रांधायची: तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं आंबट घातलेलं कालवण, कधी कोलीम. छपराला तिनं नवऱ्याच्या होडीचं शीड फाडून शिवलं, दाभणानं, बोटांना चिंध्या बांधून. भिकू सुतार मोटार बांधत होता, पण त्याचे हात होडीच बांधत होते. फळ्यांच्या फटींत त्यानं कापूस ठासला आणि वर राळ ओतली. काका ओरडला, "भिकूदा, ही पान्यात न्हाय जायची!" भिकू म्हणाला, "न्हाय गेली तर न्हाय गेली. पन माजी वस्तू गलली असं कोन म्हननार न्हाय." पुढे पहिल्याच फेरीला मासळीचं पाणी आत साचलं, बायकांचे पाय घोट्यापर्यंत बुडाले, आणि शेवटी त्यालाच तळाला गिरमिटानं भोकं पाडावी लागली. या गोष्टीवर आम्ही वर्षभर हसलो. मी आजही हसते, आणि हसता हसता मध्येच थांबते.

त्याच श्रावणात बोर्लीच्या गुरुजींनी मला पुण्याच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगचं पत्रक दिलं. दोन वर्षांचा कोर्स, वसतिगृहाचा सगळा खर्च महिना अडतीस रुपये. मला तिथे जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगायला मला लाज वाटते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मला पाटी उचलायची नव्हती. आयच्या डोक्यावर मध्यभागी केस गेले होते, आतेचे त्याहून जास्त. मी रात्री माझ्या टाळूवरून हात फिरवून बघायची. बाला पत्रक वाचून दाखवलं तर त्यानं बराच वेळ विडी ओढली आणि म्हणाला, "समिंदराच्या पैशाला मी हात लावनार न्हाय, त्यावर घर हाय. पन मोटारीचा आपला वाटा महिन्याला अडतीसच्या वर गेला, तर जा. पावसातलं चार म्हयनं तुजी आय सुकटीवर भागवंल. कमी पडलं तर बोलायचं न्हाय."

मी कागद घेऊन बसले. पेट्रोल वजा जाता महिना एकशे साठ रुपये सुटतील, असा काकाचा आणि माझा हिशोब होता. एकशे साठ भागिले पाच. बत्तीस. मी पुन्हा केला, जणू पुन्हा केल्यानं भागाकार बदलतो. मग दुसऱ्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एकशे साठ भागिले चार लिहिलं. चाळीस. हे चाळीस मी लगेच खोडरबरानं पुसलं. पण पेन्सिलीचा ठसा कागदावर राहिला, आणि माझ्या डोक्यात तर राहिलाच.

दोन दिवस मी आतेच्या समोर येणं टाळलं. तिसऱ्या दिवशी कागद पक्का करायचा होता. तीन रकाने होते: नाव, काय दिले, काय म्हणून. बाच्या नावापुढे लिहिलं: रोख, वाटा. काकापुढे: इंजिन व चालवणे, वाटा. भिकू सुतारापुढे: काम, वाटा. चौथी ओळ. येसूबाई: सागाच्या फळ्या, शीड, जेवणखाण. तिसऱ्या रकान्यावर टाक टेकवला आणि शाईचा ठिपका मोठा होऊ लागला. मी स्वतःला सांगत होते की रोख तिनं काही दिलेलं नाही, पैसे दिलेल्यांचंच नाव जमेत येतं असं गुरुजींनी शिकवलंय, आणि तीच नव्हती का म्हणाली, वाळवी लागण्यापरीस फिरेल तरी. शिकलेल्या माणसाला स्वतःला पटवायला कारणं कमी पडत नाहीत. मी लिहिलं: मदत.

पुढे मी चाळीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलं. सुरुवातीला काना-मात्रा नसलेले शब्द घेतात. बदक, मगर, कमळ, नळ. त्या पानावर मदतही असे. मी तो शब्द फळ्यावर कधी लिहिला नाही. पोरं आपापली शिकली असतील. वाटा या शब्दाला दोन काने लागतात, तो पुढच्या धड्यात येतो.

दसऱ्याला मोटार निघाली. सवाष्ण बायकांनी तिला हळदकुंकू लावलं. आते मांडवाच्या मागे उभी राहून आपल्याच फळ्यांची पूजा लांबून बघत होती. काकानं हँडल मारलं, इंजिन तीनदा खोकलं आणि चौथ्यांदा धरलं, बानं भोंगा दाबला तो सोडेचना. पहिल्या महिन्यात खरोखर एकशे साठच्या आसपास सुटले. माझा अंदाज बरोबर आला म्हणून बानं चारचौघांत माझी पाठ थोपटली. दिवाळीनंतर, महिना भरला त्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, वाटे पाडायला सगळे पडवीत बसले. काका नोटा मांडून पाच ढीग करू लागला. तेवढ्यात भिकू सुतार म्हणाला, "आरं, कागद हाय ना? मंग कागदावरनं करा. पोरीनं येवढा लिवलाय." तो कौतुकानंच म्हणाला.

मी कागद आणला आणि वाचला. बा, वाटा. नथू, वाटा. भिकू, वाटा. चौथी ओळ आली. "येसूबाई. सागाच्या फळ्या, शीड, जेवणखाण. मदत."

"मदत?" भिकू म्हणाला. "आक्की होडी, मदत?"

काकाचा हात पाचव्या ढिगावर तसाच राहिला. बानं माझ्याकडे बघितलं, मग आतेकडे. "बाय, तू काय म्हनतेस?"

आते उंबऱ्याशी बसली होती. ती बाकडे बघत नव्हती. "मला वाचाया येत न्हाय," ती म्हणाली. "जिनं लिवलंय तिला इचारा."

बानं विचारलं. "मंजे, बायनं तुला काय सांगितलं व्हतं? वाटा का मदत?"

अजूनही वेळ होती. चुकून लिहिलं असं म्हणता आलं असतं. शाईचं काय, खोडता येते. आते माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. पाढा म्हणताना मी थांबले की बघायची तशी बघत होती.

"मदत," मी म्हटलं.

"मंग मदत," आते म्हणाली आणि उठली. "भात लागंल चुलीवर." आत गेली. चुलीवर भात नव्हता. आम्ही जेवलो होतो, चूल विझलेली होती.

काकानं पाचवा ढीग उचलून बाकीच्या चारांवर सारखा वाटला. कुणी हरकत घेतली नाही, कारण प्रत्येकाला आठ रुपये जास्त मिळत होते. मोटारीलासुद्धा. मी हे इतरांचा दोष दाखवायला लिहीत नाही. त्यांच्या हातात कागद होता आणि माझ्या तोंडात शब्द होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आतेनं एक गोष्ट सुरू केली. वाटेकऱ्यांच्या घरच्या पाट्या मोटारीतून फुकट जायच्या. आयची पाटी फुकट. आतेनं आपली पाटी चढवली, कनवटीची पावली काढली आणि काकाच्या पुढ्यात फळीवर ठेवली. काका शरमला. "आते, हे काय? तुज्याकडनं मी पैसं घेऊ?" ती त्याची बहीण, पण माझं ऐकून तोही तिला आतेच म्हणायचा. ती म्हणाली, "वाटा न्हाय त्यानं भाडं द्यायाचं. होडीला हाय तोच कायदा मोटारीला." तेव्हापासून रोज, जाताना पावली. एकाच चुलीवरच्या भाकऱ्या खाऊन निघालेल्या दोन बायका, एकीची पाटी फुकट, दुसरीची चार आण्यांना, आणि दुसरी बसायची ती आपल्या नवऱ्याच्या होडीच्या फळीवर. बानं एकदा पावली परत द्यायला बघितली तर ती पायी निघाली. मग कुणी तिला अडवलं नाही. घरात ती पूर्वीसारखीच वागायची. मला वाढायची, माझ्या डोक्याला तेल लावायची. फक्त पाढे विचारायची बंद झाली, आणि मलाही आता त्यांची गरज नव्हती.

पुढच्या जूनात मी पुण्याला गेले. बोर्लीपर्यंत मोटारीतून. मी वाटेकऱ्याची मुलगी म्हणून फुकट बसले. मला सोडायला आलेल्या आतेनं स्वतःची पावली ठेवली. वसतिगृहात दर महिन्याला चाळीस रुपयांची मनीऑर्डर यायची. अडतीस भरून दोन उरायचे, त्यांचं मी साबण आणि खोबरेल घ्यायची. केस छान वाढले होते. मुली म्हणायच्या, काय दाट केस आहेत गं तुझे. मी आरशात बघायची आणि मला टाळूवर पाटी दिसायची, माझ्या नाही, तिच्या. एकदा आतेनं कुणाबरोबर तरी सुकवलेला जवळा पाठवला. वासानं मुली नाक धरतील म्हणून मी तो मोलकरणीला देऊन टाकला. हेही लिहून ठेवते. लाजेच्या पोतडीत हात घातलाच आहे तर तळाचंही बाहेर येऊ दे.

मोटार दोन हंगाम चालली आणि तिसऱ्या हंगामाचे दोन महिने. मग रस्त्यावर सरकारी बस आली, इंजिनानंही राम म्हटला; मी जायच्या आधीच्या हंगामातला साठवलेला वाटा माझ्या उरलेल्या महिन्यांना पुरला. मला पालीच्या बाजूला एका गावात शाळा मिळाली. पहिल्या पगाराच्या दिवशीच मी कागद घेऊन बसले, यावेळी हिशोब माझ्या एकटीचा. अठरा महिने, महिना बत्तीस. पाचशे शहात्तर रुपये. ते जमवायला मला तीन वर्षं लागली. दोन लुगडी फाटेपर्यंत नेसले, सणाला घरी आले नाही. मला वाटत होतं, पैसे फिटले की शब्द फिटेल.

मे महिन्यात घरी गेले. दुपारी बा आत झोपला होता, आय बाजारात. आते अंगणात वाळत घातलेला जवळा हातानं उलटत होती. ती म्हातारी झाली होती, पाटी आता अर्धीच भरायची. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "आते, तो शब्द मी खोटा लिहिला होता. तू वाटाच सांगितला होतास."

तिचा हात चालूच होता. "मला ठावं न्हाय का गो? मीच सांगितला व्हता."

मी पदरातून नोटा काढून तिच्यापुढे ठेवल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तिनंच त्यांच्यावर सूप पालथं ठेवलं. "किती हाय?"

"पाचशे शहात्तर. अठरा महिन्यांचा तुझा वाटा."

"बराबर मांडलास?"

"हो."

तिनं हात लुगड्याला पुसले. "तू चौघांत म्हनलीस, मदत हाय. आता चौघांत म्हनशील, खोटं बोलले म्हनून? भिकू घरात हाय. तुजा बा आत निजलाय. हाक मार. चौघांत म्हन, मंग वाटा म्हनून घेते. येक पै सोडनार न्हाय."

हाक मारायला दहा पावलं जावं लागलं नसतं. बाच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी आता शाळेतली बाई होते, गावोगावची माणसं मला नमस्कार करत. बा बाजारात उभा राहून लोकांना सांगायचा, माजी पोरगी मास्तरीन हाय. मी जवळ्याकडे बघत बसले. आतेनं वाट बघितली, घाई केली नाही.

मग तिनं सूप उचललं. "मंग ठेव तुज्यापाशी. मदत केलेली परत घेत न्हाईत, पोरी." आणि ती पुन्हा जवळा उलटू लागली.

वारा होता, नोटा हलू लागल्या होत्या. मी त्या उचलल्या. आणि उचलताना, सवयीनं, मोजल्यासुद्धा.